दोन निळ्या रंगांचं गाव

३१ जुलै १९४८. लंडनच्या पूर्वेला, इलफर्डच्या क्रिकलफील्ड मैदानावर स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमधला आपला पहिला सामना खेळत होता. समोर फ्रान्स. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी होते. दोन पेनल्टी हुकल्या. सारंगपाणी रामनने बरोबरी साधून दिली, पण अगदी शेवटी फ्रान्सने दुसरा गोल केला आणि सामना २-१ असा गेला. त्या पराभवाची हळहळ आपल्याकडे आजही व्यक्त होते. तोच फ्रान्स पुढच्या फेरीत यजमान ब्रिटनकडून १-० असा हरला, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात नाही. तो एकमेव गोल करणाऱ्याचं नाव बॉब हार्डिस्टी. पेशाने शिक्षक. खेळायचा तो बिशप ऑकलंड नावाच्या एका छोट्या गावाच्या क्लबकडून, आणि तोही बिनपगारी.

ब्रिटनच्या त्या ऑलिंपिक संघाचा व्यवस्थापक होता मॅट बझबी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याने मँचेस्टर युनायटेडला एफ. ए. कप जिंकून दिला होता. ऑलिंपिकमध्ये फक्त हौशी खेळाडूंना परवानगी असल्यामुळे ते काही आठवडे बझबीच्या हाताखाली पगारी खेळाडू नव्हते. शिक्षक, कारकून असे नोकरीधंद्याचे लोक होते. त्यांच्यातल्या हार्डिस्टीची आणि त्याची तेव्हा झालेली ओळख दहा वर्षांनी युनायटेडच्या उपयोगी पडली, आणि ती वेळ फार वाईट होती. ती गोष्ट नीट समजायची तर आधी हे गाव समजून घ्यायला हवं.

इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम परगणा आहे. बिशप ऑकलंड तिथलं बाजारपेठेचं गाव. नावातला बिशप खरोखरचा. डरहॅमच्या बिशपचा वाडा, म्हणजे ऑकलंड कॅसल, शतकानुशतकं याच गावात होता. एकोणिसाव्या शतकात गावाभोवती कोळशाच्या खाणी निघाल्या, रेल्वे आली, आणि शेतीवाडीच्या मुलखात खाणकामगारांच्या चाळीच्या चाळी उभ्या राहिल्या. पुढे लॉरेल-हार्डी जोडीतला लॉरेल म्हणून जगाला ठाऊक झालेला मुलगा काही वर्षं याच गावात वाढला. त्याचे वडील इथलं ईडन थिएटर चालवायचे.

१८८०च्या दशकात बिशप लाइटफुट धर्मशिक्षण घेणाऱ्या पदवीधर तरुणांना आपल्या वाड्यात ठेवून घेत असत. ही मुलं ऑक्सफर्ड आणि केंब्रिजहून आलेली. फुटबॉलचं वेड ती तिथूनच घेऊन आली. त्यांनी गावातल्या चर्चच्या संस्थेत संघ उभा केला, आणि १८८६ मध्ये त्यातून फुटून निघालेला संघ पुढे बिशप ऑकलंड या नावाने ओळखला जाऊ लागला. ऑक्सफर्डचा रंग गडद निळा, केंब्रिजचा फिकट निळा. क्लबने अंगावर दोन्ही चढवले. तेव्हापासून क्लबची दोन टोपणनावं आहेत, ‘द बिशप्स’ आणि ‘टू ब्लूज’. रंग विद्यापीठांचे राहिले, पण ते घालणारे पाय लवकरच खाणकामगारांच्या आणि गवंड्यांच्या घरातले झाले. या क्लबचा इतिहास मला मोलाचा वाटतो तो त्यामुळे.

इथे इंग्लिश फुटबॉलची रचना थोडक्यात सांगायला हवी. १८८५ मध्ये पगारी खेळाडूंना अधिकृत मान्यता मिळाली. १८८८ मध्ये मोठ्या शहरांतल्या आणि गिरणगावांतल्या क्लबांनी एकत्र येऊन फुटबॉल लीग स्थापन केली. या लीगच्या बाहेर जे राहिले ते सगळे नॉन-लीग. त्यांचे दोन प्रकार होते. काही क्लब थोडेफार पैसे देऊन खेळाडू बाळगत, काही पूर्ण हौशी. हौशी क्लबांसाठी १८९३-९४ पासून एफ. ए. अमॅच्युअर कप सुरू झाला. पहिला कप एका उच्चभ्रू शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाने, ओल्ड कार्थुशियन्सने, जिंकला. ही स्पर्धा आपलीच, असं दक्षिणेतल्या सुशिक्षित मंडळींना वाटत असावं. दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, कप बिशप ऑकलंडला गेला.

१८८९ मध्ये सुरू झालेल्या नॉर्दर्न लीगमध्ये हा क्लब पहिल्या दिवसापासून होता. ती लीग त्याने पुढे १९ वेळा जिंकली. अमॅच्युअर कप १९००, १९१४, १९२१ आणि १९२२ मध्येही गावात आला. या परिसरात फुटबॉल किती खोल रुजला होता त्याचा एक दाखला देतो. शेजारच्या वेस्ट ऑकलंड या खेड्याचा संघ १९०९ मध्ये इटलीत ट्यूरिनला गेला आणि सर टॉमस लिप्टन यांनी ठेवलेला चषक जिंकून आला. १९११ मध्ये तो पुन्हा गेला आणि युव्हेंटसला ६-१ हरवून आला. ते खेळाडूही खाणीत काम करणारेच होते.

आता प्रश्न उरतो पोटाचा. दिवसभर खाणीत राबणाऱ्या माणसाने शनिवारची मजुरी बुडवून फुकट का खेळावं? खरं उत्तर असं की तो पूर्ण फुकट खेळत नव्हता. प्रवासखर्च, चहापाणी या नावाखाली थोडी रक्कम हातावर ठेवली जायची. ईशान्येत ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. १९२८ मध्ये क्रुक टाउन या शेजारच्या क्लबच्या हिशेबावरून हे प्रकरण उघड झालं आणि परगण्यातल्या तीनशेहून अधिक खेळाडूंवर बंदी आली. ज्यांच्या घरी वडिलोपार्जित उत्पन्न होतं, त्यांच्या सोयीने हौशीपणाचे नियम लिहिले गेले होते. खाणकामगाराने बुडालेली मजुरी भरून घेतली तर त्याला ढोंगी म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

१९३५ मध्ये विम्बल्डनला फेरसामन्यात हरवून कप पुन्हा आला. १९३९ मध्ये सातव्यांदा आला. अंतिम सामन्यात समोर विलिंग्टन होतं, अगदी शेजारचं. बिशप ऑकलंडच्या त्या संघात हेटन-ल-होल या खाणगावातला एक विशीतला तरुण होता, बॉब पेझली. कप हातात घेऊन तो लिव्हरपूलला गेला, लगेच महायुद्ध सुरू झालं, आणि पुढे लिव्हरपूलचा व्यवस्थापक म्हणून त्याने सहा लीग विजेतेपदं आणि तीन युरोपियन कप मिळवले. लिव्हरपूलच्या चाहत्यांना पेझली नीट माहीत असतो, पण त्याने पदकं जिंकायला सुरुवात कुठे केली हे फार थोड्यांना माहीत असतं.

युद्धानंतरची पंधरा वर्षं या क्लबची सर्वांत मोठी. त्याला कारणं होती. गर्दी प्रचंड होती. सहा वर्षं करमणुकीला मुकलेले लोक मैदानांवर लोटत होते आणि घरी टीव्ही अजून आला नव्हता. दुसरं कारण पैशाचं होतं, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं. व्यावसायिक खेळाडूंच्या पगाराला त्या काळी फुटबॉल लीगच्या नियमाने कमाल मर्यादा होती. १९५८ मध्ये ती आठवड्याला २० पौंडांपर्यंत गेली, त्याआधी त्याहूनही कमी होती. मग एखाद्या हुशार मुलाने शिक्षकाची पक्की नोकरी धरावी, शनिवारी बिशप ऑकलंडकडून खेळावं, प्रवासखर्च घ्यावा आणि सुट्टीत इंग्लंडच्या हौशी संघाबरोबर परदेशी जावं, यात तोटा कसलाच नव्हता. डरहॅममध्ये शिक्षक-प्रशिक्षणाची कॉलेजं होती, विद्यापीठ होतं. तिथली मुलं बिशप ऑकलंडला सहज मिळत गेली. खाणकामगारांचा क्लब हळूहळू मास्तरांचाही क्लब झाला.

१९४९ पासून अमॅच्युअर कपचा अंतिम सामना वेम्बलीवर होऊ लागला आणि या हौशी स्पर्धेला लाखाची गर्दी जमू लागली. बिशप ऑकलंडला मात्र वेम्बली सुरुवातीला लाभलं नाही. १९५० मध्ये विलिंग्टनने १९३९ चं उट्टं काढलं आणि ४-० असं धुतलं. १९५१ मध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या पेगॅसस संघाने २-१ हरवलं. ज्या विद्यापीठांचे रंग क्लबने अंगावर घेतले होते, त्यांच्याच मुलांनी कप नेला.

मग आलं १९५४. समोर क्रुक टाउन, जेमतेम पाच मैलांवरचं गाव. दोन्ही गावं लंडनला उतरली. वेम्बलीवर १ लाख लोक होते आणि दोन्ही गावांची वस्ती मिळूनही तेवढी नव्हती. सामन्यात बिशप ऑकलंडच्या जिमी निमिन्सचा पाय मोडला. त्या काळी बदली खेळाडूचा नियमच नव्हता. तो इंग्लंडच्या लीगमध्ये १९६५ साली आला. दहा जणांनी सामना २-२ असा राखला. फेरसामना न्यूकॅसलला झाला, पन्नास हजारांहून अधिक लोक आले, पुन्हा २-२. तिसरा सामना मिडल्सबरोला. तिथे क्रुकने १-० अशी बाजी मारली. पाच मैलांच्या अंतरातल्या दोन गावांचा तंटा मिटायला तीन शहरांतली मैदानं लागली आणि तो सुमारे दोन लाख लोकांनी पाहिला.

एवढ्या हारींनंतर एखादा संघ विस्कटला असता. हार्डिस्टी तेव्हा तिशी ओलांडून गेला होता, डोक्यावरचे केस विरळ झाले होते, तरी मधल्या फळीतून खेळ तोच चालवत होता. १९५५ मध्ये वेम्बलीवर पुन्हा लाखभर लोक आले. बिशप ऑकलंडने हेंडनला २-० हरवलं. दोन्ही गोल डेरेक लेविनचे. त्याच हंगामात एफ. ए. कपमध्ये, म्हणजे व्यावसायिकांच्या स्पर्धेत, त्यांनी क्रिस्टल पॅलेसला त्यांच्याच मैदानावर ४-२ हरवलं. इप्सविचशी २-२ बरोबरी झाल्यावर घरच्या फेरसामन्यात त्यांनाही ३-० असं गारद केलं. चौथ्या फेरीत यॉर्क सिटीने त्यांना थांबवलं. इप्सविच तेव्हा दुसऱ्या विभागातला पगारी संघ होता. सोमवारी सकाळी वर्गावर हजर राहणाऱ्या माणसांनी हे केलं, हे विसरून चालणार नाही.

याच संघातला शेमस ओकॉनेल हा आणखी एक अचंबा. तो हौशीच राहिला आणि चेल्सीकडूनही खेळला. ऑक्टोबर १९५४ मध्ये चेल्सीसाठी पहिल्याच सामन्यात त्याने तीन गोल केले, तेही बझबीच्या मँचेस्टर युनायटेडविरुद्ध. चेल्सी तो सामना ५-६ असा हरली, पण त्या मोसमात इतिहासात पहिल्यांदा इंग्लंडची विजेती ठरली. आणि गोलात होता हॅरी शॅरट, तोही मास्तर. चेंडू समोरच्या टोकाला असला की त्याला स्वस्थ बसवायचं नाही. असं सांगतात की एका हिमवर्षावात खेळ पलीकडे चालू असताना त्याने गोलरेषेवर बर्फाचा माणूस करून उभा केला आणि पंचांचा राग ओढवून घेतला.

घरचं मैदान किंग्जवे. तेही पाहण्यासारखं होतं. ते क्रिकेट क्लबबरोबर वाटून घेतलेलं होतं, त्यामुळे एक बाजू कायम मोकळी. तीन बाजूंना प्रेक्षक आणि चौथीकडे क्रिकेटची हिरवळ. १९५६ च्या अंतिम सामन्यातला प्रतिस्पर्धीही क्रिकेटशी नातं असलेला. कोरिंथियन-कॅज्युअल्समध्ये इंग्लंडकडून कसोटी खेळलेला डग इन्सोल होता. वेम्बलीवर १-१, मग मिडल्सबरोला फेरसामन्यात ४-१. १९५७ मध्ये वायकोंब वाँडरर्सना ३-१ हरवून कप सलग तिसऱ्यांदा गावात आला. एकूण दहाव्यांदा. सलग तीन वर्षं हा कप जिंकणं दुसऱ्या कुणालाच कधी जमलं नाही. हार्डिस्टीने बूट खुंटीला टांगले.

६ फेब्रुवारी १९५८ रोजी बेलग्रेडहून परतणारं मँचेस्टर युनायटेडचं विमान म्युनिकला इंधन घेऊन उडताना कोसळलं. २३ माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू होते. बझबी मरणाच्या दारात इस्पितळात पडला होता. त्याचा साहाय्यक जिमी मर्फी मागे राहिला आणि १३ दिवसांत पुढचा सामना उभा राहिला. मर्फीने जी पोरं हाताशी होती ती पहिल्या संघात घातली. पण राखीव संघ रिकामा झाला, आणि त्याचेही सामने ठरलेले होते. मोठी रक्कम मोजून एखाद-दुसरा खेळाडू विकत घेता येतो, आख्खी फळी घेता येत नाही. हौशी खेळाडूला मात्र बदलीचा मोबदला नसतो, करार नसतो. त्याच्या क्लबने हो म्हटलं की तो दुसऱ्या दिवशी मैदानात उतरू शकतो.

बिशप ऑकलंडने हो म्हटलं. डेरेक लेविन, वॉरन ब्रॅडली आणि बॉब हार्डिस्टी असे तिघे मँचेस्टरला गेले. हार्डिस्टी ३७ वर्षांचा होता आणि त्याने खेळ सोडला होता. दहा वर्षांपूर्वी बझबीच्या हाताखाली ऑलिंपिक खेळलेला हा माणूस युनायटेडच्या राखीव संघात विशीच्या आतल्या मुलांना धीर देत धावला. पैशाचा प्रश्नच नव्हता. तिघेही हौशी म्हणून गेले आणि हौशी म्हणूनच खेळले.

ब्रॅडली तिथेच राहिला. उजव्या बगलेवरून खेळणारा, ठेंगणा, डरहॅम विद्यापीठात शिकलेला हा मास्तर काही महिन्यांत युनायटेडच्या पहिल्या संघात आला. शाळेची नोकरी सांभाळूनच तो व्यावसायिक झाला, आणि १९५८-५९ मध्ये त्या सावरलेल्या संघाने लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळवला. त्याच हंगामात ब्रॅडली इंग्लंडच्या हौशी संघाकडूनही खेळला आणि मुख्य संघाकडूनही. एकाच हंगामात हे दोन्ही मान फार थोड्यांना मिळाले आहेत. पुढे तो मुख्याध्यापक झाला.

म्युनिकची कथा सांगताना युनायटेडच्या जखमा आणि पुनर्जन्म नेहमी येतात, येणं साहजिकच आहे. त्यात या गावाचं नाव एखाद्या वाक्यापुरतं येतं. मला ते अपुरं वाटतं. ऐन भरात असलेल्या क्लबने आपली माणसं उचलून दिली. सलग चौथा कप जिंकण्याची संधी डोळ्यांसमोर असताना दिली. तो चौथा कप आला नाही. पुढेही कधीच आला नाही.

उतरण का लागली याची कारणं मैदानाबाहेर आहेत. १९६१ मध्ये पगाराची कमाल मर्यादा उठली. आता चांगल्या खेळाडूला मास्तरकी आणि हौशी फुटबॉल यांच्या बेरजेपेक्षा व्यावसायिक करार कितीतरी जास्त देऊ लागला, आणि हुशार पोरं सरळ तिकडे वळली. त्याहून मोठा घाव खाणींचा होता. डरहॅमच्या पश्चिमेकडच्या जुन्या खाणी एकेक करून बंद होत होत्या. परगण्याच्या १९५१ च्या आराखड्यात शंभरावर खेडी ‘ड’ वर्गात टाकली गेली होती. म्हणजे तिथे नवा पैसा घालायचा नाही, गाव आपोआप ओसरू द्यायचं. १९६५ मध्ये क्रुककडे जाणारी प्रवासी रेल्वेही बंद झाली. शनिवारी दुपारी पाळीवरून सुटून थेट मैदानावर येणारा माणूसच कमी झाला. जो उरला त्याच्या घरी १९६०च्या दशकात रात्री टीव्हीवर पहिल्या विभागाचे सामने दिसू लागले. बिशप ऑकलंडने १९६७ मध्ये नॉर्दर्न लीग जिंकली, पण वेम्बली पुन्हा दिसलं नाही.

१९७४ मध्ये फुटबॉल असोसिएशनने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच रद्द केला. सगळे नुसते ‘खेळाडू’ झाले. पाकिटातले पैसे आता उघड देता येऊ लागले, हे न्यायाचं होतं. पण त्याबरोबर अमॅच्युअर कपही संपला. नॉर्दर्न लीगने बराच काळ नव्या राष्ट्रीय रचनेत जायला नकार दिला. बिशप ऑकलंड १९८८ मध्ये ती सोडून वरच्या नॉर्दर्न प्रीमियर लीगमध्ये गेला आणि २००६ मध्ये खाली घसरून परत आला. दरम्यान क्लब आर्थिक अडचणीत आला, तेव्हा १९९६ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याच्या मदतीसाठी सामना खेळला. १९५८ चं देणं ३८ वर्षांनी का होईना, विसरलं गेलं नव्हतं.

२००१ च्या सुमारास किंग्जवे सुटलं. जवळपास नऊ वर्षं हा क्लब शेजाऱ्यांच्या मैदानांवर आपले घरचे सामने खेळत राहिला. घराविना क्लब टिकणं फार कठीण असतं. प्रेक्षक तुटतात, पोरं दुसरीकडे जातात. तरी तो टिकला, आणि २०१० मध्ये गावच्या टोकाला हेरिटेज पार्क हे नवं मैदान उभं राहिलं. तिथे मुख्य स्टँडमध्ये बसणाऱ्यांची संख्या आज शेकड्यांत मोजायची असते. अंगावरचे रंग अजून तेच आहेत, एक गडद निळा आणि एक फिकट.

अमॅच्युअर कपच्या १८ अंतिम सामन्यांत हा क्लब खेळला आणि त्यांतले दहा जिंकला. १९७४ साली स्पर्धा बंद झाली तेव्हा तो विक्रम त्यांच्याच नावावर होता, आणि तो कायम त्यांच्याच नावावर राहील.